नोंदीचं वय

"कधीचं हाय हे?"

आमच्या ऑफिसात कोणी काही सांगायला तोंड उघडलं की अण्णा आधी हे विचारायचे. चष्मा कपाळावर सरकवायचा, मान जराशी तिरकी करायची आणि विचारायचं. साहेब केबिनमध्ये आहेत म्हटलं की "कधीचं हाय हे?" म्हणजे तुम्ही त्यांना बघितलं कधी, आत्ता की मघाशी येताना? कँटीनमध्ये भजी गरम आहेत म्हटलं तरी तेच. एकदा आमचे शिपाईमामा सांगत आले, की पाऊस उघडलाय. अण्णांनी त्यांच्या भिजलेल्या खांद्याकडं बघितलं आणि म्हणाले, "कधीचं?" मामा तणतणत बाहेर गेले, बघून आले आणि पडेल चेहऱ्यानं म्हणाले, "परत लागलाय."

असा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. पहिल्या महिन्यात त्याचा पार वैताग येतो, वर्षभरात सवय होते, आणि मग एक दिवस आपणच दारातल्या दूधवाल्याला विचारतो, "कधीचं आहे हो हे?" मी विचारलं होतं. दूधवाला अजून माझ्याशी नीट बोलत नाही.

अण्णा आमच्या संस्थेच्या संगणक विभागात माहिती साहाय्यक होते. संस्था कॉलेजं चालवते. मुख्य ऑफिस कोल्हापुरात, राजारामपुरीत, कॉलेजं सहा ठिकाणी. हातकणंगल्याला एक, गगनबावड्याला एक, बाकीची अशीच आसपास. प्रत्येक कॉलेजात कॉम्प्युटरची लॅब. मुलांचं प्रॅक्टिकल दिवसाचे दोन-तीन तास, बाकीचा वेळ मशीनं नुसती बसून. आणि इकडं आमच्या भूगोलाच्या सरांना पंचगंगेच्या पुराचं गणित करायचं असे, जे एका मशीनवर घातलं तर पुढचा पूर येऊन गेला असता. मग ठरलं, की सहाही लॅबमधली रिकामी मशीनं जोडायची आणि एकच मोठं काम सगळ्यांत थोडं थोडं वाटून द्यायचं. वाटणारा प्रोग्रॅम आणला. पण वाटायचं तर आधी कळायला हवं ना, की कुठलं मशीन चालू आहे, कुठलं बंद, कुठलं रिकामं आणि कुठल्या लॅबमध्ये आज परीक्षा? ही माहिती ठेवायचा डेटाबेस अण्णांनी एकट्यानं बांधला होता. मी नोकरीला लागण्याच्या आधीची गोष्ट.

बांधला त्यांनी आणि भरायचेही तेच. फोनवरून. रोज दहाला सहा ठिकाणी सहा फोन. गगनबावड्याच्या लॅबमध्ये एक मावशी होत्या, त्यांचा फोन मला पाठ झाला होता.

"मावशी, किती उठली आज?"

"बारा उठली. दोन न्हाईत."

"का ओ?"

"भिंतीला ओल आलीया. प्लास्टिक घातलंय त्येंच्या अंगावर."

"असूंद्या. झोपूंद्यात त्येंला."

आणि मग बारा चालू, दोन बंद, अशी नोंद. शेवटी वेळ. वेळ लिहिल्याशिवाय त्यांनी एकही नोंद कधी पुरी केली नाही. मोजताना पुटपुटायचे ते कानडीत. सीमेकडच्या गावातले, घरात अर्धी कानडी. बोलणं मराठी, भांडणं तर पक्की कोल्हापुरी, पण आकडा आला की ओंदु, एरडु, मूरु. असं का, म्हणून मी एकदा विचारलं. म्हणाले, "अव्वानं शिकीवलं मोजायला. तवा तिला मराठी येत नव्हतं." अव्वा म्हणजे त्यांची आई.

माझ्या लग्नाची गोष्ट सांगते, म्हणजे तुम्हाला हा माणूस कळेल. माझी आई तेव्हा माझा बायोडेटा गावभर वाटत होती. एक प्रत ऑफिसातल्या प्रिंटरवर राहिली आणि अण्णांच्या हाती लागली. त्यांनी ती सावकाश वाचली. मग माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले आणि इकडंतिकडं बघून हळूच म्हणाले, "म्याडम, ही नोंद कधीची हाय?"

बायोडेटात वय सत्तावीस होतं. मला एकतिसावं लागलं होतं. आईनं चार वर्षांपूर्वी टाइप करून घेतलेला कागद, तोच छापून छापून चालला होता. मी लाजेनं लालबुंद झाले, आणि मग चिडले. म्हटलं, "तुम्हाला काय करायचंय?" अण्णा म्हणाले, "मला काय करायचंय, खरंच हाय. पर खरं घाला, न्हायतर काढून टाका. शिळी माहिती फिरवू नका. पावणं येतात, बघून जातात, आन् तुम्हाला वाटतं आपल्यातच खोट हाय." मी घरी जाऊन तो कागद फाडला. आईशी त्यावरून चार दिवस भांडण झालं. लग्न माझं अजून झालेलं नाही, पण त्या चार दिवसांनंतर मला जी शांत झोप लागायला लागली, ती अण्णांमुळं, हे मी कोणालाही सांगेन.

मला ते म्याडम म्हणायचे. म्हटलं, "अण्णा, मी तुमच्याहून वीस-बावीस वर्षांनी लहान. काम तुम्ही शिकवलंत मला. नावानं हाक मारा की." तर म्हणायचे, "परमनंट हाय न्हवं तुम्ही." यात टोमणा नव्हता. नियमच तसा होता. कायम जागेला पदवी लागते आणि अण्णांकडं होता डिप्लोमा. तेव्हा अकरा महिन्यांचं कंत्राट, मग एका दिवसाचा खंड, मग पुन्हा अकरा महिने. सलग नोकरी झाली असं कागदावर दिसू नये, म्हणून तो खंड. त्या एका दिवशी माणसानं ऑफिसात पाऊल टाकायचं नाही. अण्णा यायचे. दारातूनच मोठ्यांदा म्हणायचे, "मी आज न्हाय हां हितं! कुणी बघितलं न्हाय मला!" आणि खुर्चीत बसून गगनबावड्याला फोन लावायचे. आम्ही सगळे हसायचो. आता आठवलं की हसू येत नाही, आपलीच लाज वाटते.

गेल्या वर्षी नवे संचालक आले. साहेब तसे वाईट नव्हते. वाईट असते तर बरं झालं असतं, सगळा दोष त्यांच्यावर ढकलून मी मोकळी झाले असते. पहिल्याच आठवड्यात ते आमच्या विभागात आले, अण्णांचा दहाचा फोन ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "अहो, मशीन चालू आहे का, हे आपण फोन करून विचारतोय? मशीननं स्वतः सांगायला पाहिजे." बोलणं बरोबर होतं.

मग समिती झाली. माहिती ठेवायला कुठला डेटाबेस चांगला, याची रीतसर तुलना करायची, तीन महिन्यांत अहवाल द्यायचा. तुलनेला तीन होते. एक अण्णांचा जुना, टेबलांचा, म्हणजे ओळी-रकान्यांच्या तक्त्यांचा. दुसरा झाडासारखा: संस्थेखाली कॉलेज, कॉलेजखाली लॅब, लॅबखाली मशीन, सगळं फांद्याफांद्यांनी. तिसरा अगदी नवा. प्रत्येक मशीन दर अर्ध्या मिनिटाला आपणहून त्याला कळवणार, की मी जागं आहे, माझ्याकडं इतकी जागा रिकामी आहे. आणि तो सगळं तोंडपाठ ठेवणार. अण्णांनी पहिल्याच दिवशी तिघांना नावं दिली. टेबलवाला, झाडवाला आणि जावई.

"जावई का हो?"

"नवा हाय की. सगळ्यांनी उठून त्येच्यापाशी जाऊन सांगायचं. ह्यो जागचा हलणार न्हाय."

हसण्यावारी नेलं, पण यात काय दडलंय ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. अण्णांची जागा कागदोपत्री 'दैनंदिन माहिती नोंदणी' या कामापुरती होती. जावई आला की फोन संपले, फोन संपले की काम संपलं, काम संपलं की जागा संपली. मार्चला त्यांचे अकरा महिने पुरे होत होते. अण्णांना चोपन्न पुरी. धाकटी मुलगी बारावीला, अव्वा अंथरुणाला. या वयात, त्या डिप्लोम्यावर, कोण दारात उभं करणार होतं? साहेबांना हे माहीत होतं, मला माहीत होतं, शिपाईमामांनासुद्धा माहीत होतं. आणि तुलना करायला बसवलं कोणाला? मला आणि अण्णांना.

मी मनात ठरवलंच होतं, की टेबलवाला जिंकला पाहिजे. अगदी जिंकला नाही तरी अडून राहिला पाहिजे. तुम्ही म्हणाल, हा काय प्रामाणिकपणा? नसेल. तुम्ही माझ्या जागी बसून बघा.

झाडवाला पहिल्या आठवड्यातच गळाला. विचारायला गेलं तर झटक्यात उत्तर. पण मिनिटामिनिटाला बदलणारी माहिती लिहायला घेतली की धापा टाकायचा. अण्णा म्हणाले, "ह्येच्यात वंशावळ ठेवावी. कोण जन्मलं, कोण गेलं, वर्षातनं दोनदा लिवायचं. आपल्याकडं घडीघडीला बदलतंय." तेवढंच जरा नीट शब्दांत करून मी अहवालात घातलं.

मग टेबलवाल्याचा आठवडा. अवघड प्रश्नांना तो भारी होता. ज्या लॅबमध्ये आज परीक्षा नाही, जिथं वीज गेल्यावर बॅटरी चालते, आणि ज्या मशीनमध्ये इतकी मेमरी आहे, अशी सगळी मशीनं दे, म्हटलं की बरोबर यादी. मी खूश. पानभर लिहिलं.

तिसरा आठवडा जावयाचा. त्याची कसोटी म्हणून त्या आठवड्यात दहाचे फोन बंद ठेवले होते. आणि काय सांगू, दुसऱ्याच दिवशी त्यानं माती खाल्ली. गगनबावड्याला वीज गेली. घाटमाथ्याचं गाव, त्यात अवकाळी पाऊस, तिथं वीज जाणं हे काही नवं नाही. बॅटऱ्या संपल्या, मशीनं बंद पडली. बंद पडलेलं मशीन कळवणार काय? त्यानं शेवटचं जे कळवलं होतं, तेच जावयानं धरून ठेवलं. शेवटचं कळवलं होतं: मी रिकामं आहे. वाटणारा प्रोग्रॅम बघतो तर हातकणंगल्याची मशीनं कामात, इथली कामात, आणि गगनबावड्याची चौदाच्या चौदा आरामात बसलेली. त्यानं येईल ते काम तिकडं धाडलं. दोन दिवस सगळी कामं त्या मेलेल्या लॅबच्या दारात रांग लावून उभी. तिसऱ्या दिवशी भूगोलाचे सर आमच्या विभागात येऊन जे ओरडले, ते खालच्या मजल्यावर फीच्या रांगेत ऐकू गेलं.

मी वरवर सॉरी म्हणत होते आणि आतून उड्या मारत होते. सर गेल्यावर दार लावलं आणि म्हटलं, "अण्णा, सुटलो आपण! हे असं ठळक करून घालते अहवालात. मेलेल्याला जिवंत दाखवतो म्हणजे काय? तुमच्या फोनवर मावशींनी पहिल्या मिनिटाला सांगितलं असतं."

अण्णांनी चष्मा पुसला. मग म्हणाले, "त्येची चूक न्हाय ती, म्याडम."

"मग कोणाची?"

"आपली. आपण त्येला सांगितलंच न्हाय, की किती वेळ इस्वास ठेवायचा ते."

दोन दिवस ते त्या जावयाचं इंग्रजी मॅन्युअल घेऊन बसले. ओळीखाली बोट ठेवून वाचायचे, अडलं की मला विचारायचे. मी मुद्दाम तुटक उत्तरं दिली. दिली, कबूल करते. एकदा तर एका शब्दाचा अर्थ माहीत असून "मला नाही येत" म्हणाले. त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं आणि डिक्शनरी काढली.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी मला बोलावलं. फोन स्पीकरवर होता.

"मावशी, हाय न्हवं खिडकीकडचं मशीन चालू?"

"हाय की."

"त्येची वायर ओढा."

"आँ? चालू मशीनची?"

"ओढा, ओढा. मी सांगतोय न्हवं."

पलीकडून 'ओढली' असं आलं आणि अण्णा पडद्याकडं बघत मोजायला लागले. ओंदु, एरडु, मूरु. मीही मागं उभी. तिसावर गेले, साठावर गेले. पडद्यावर ते मशीन अजून हिरवं, रिकामं, जिवंत. माझ्या मनात आशा. नव्वदला दोन-तीन कमी असतील, आणि ती ओळ गपकन नाहीशी झाली. मागोमाग आमच्या हातकणंगल्याच्या एका मशीनवर काम गेल्याचं दिसलं.

"गेलं बघा!" अण्णांनी टेबलावर थाप मारली. "मावशी, गेलं! लावा वायर!" चेहरा असा फुललेला मी त्यांचा पुन्हा पाहिला नाही. दोन ओळी घातल्या होत्या त्यांनी. प्रत्येक नोंदीला मुदत. दीड मिनिटात मशीनकडून पुन्हा निरोप आला नाही, तर नोंद आपोआप पुसायची, कोणाला विचारायचं नाही. अकरा वर्षं हा माणूस जे सगळ्यांना विचारत फिरत होता, ते त्यानं त्या जावयाला शिकवलं होतं.

मी म्हटलं, "अण्णा, काय केलंत हे?"

हसू हळूहळू उतरलं. त्यांनाही कळलं होतं. कळलं होतं म्हणजे काय, आधीपासूनच माहीत असणार. फक्त त्या दोन-तीन दिवसांत ते मागं पडलं होतं. म्हणाले, "बराबर चालतंय की. न चालवून कसं भागंल?"

त्याच दुपारी त्यांनी तुलनेच्या तक्त्यात एक नवा रकाना वाढवला. नोंदीचं वय. म्हणजे एखाद्यानं विचारलं, तर त्याला मिळालेलं उत्तर किती जुनं असेल. जावयाचं जास्तीत जास्त दीड मिनिट. झाडवाल्याचं काही मिनिटं. आणि टेबलवाल्याचं? अण्णांचा फोन रोज दहाला. पुढचा फोन दुसऱ्या दिवशी दहाला. साडेनऊला कोणी विचारलं, तर उत्तर साडेतेवीस तास जुनं. हा आकडा त्यांनी स्वतः काढला, पुन्हा एकदा ताडून बघितला, आणि आपल्या हातानं रकान्यात भरला.

मग खिडकीबाहेर बघितलं. खाली क्लास सुटल्याची गर्दी होती, पोरांच्या गाड्या, रिक्षांचे हॉर्न. म्हणाले, "म्याडम, सगळ्या जगाला इच्यारत बसलो. आपलंच शिळं हाय." मी चहा मागवला.

तरी मी शेवटचा प्रयत्न केलाच. अहवालाचा मसुदा लिहिताना निष्कर्षात एक वाक्य घातलं: "नवीन प्रणालीतील माहितीची दररोज प्रत्यक्ष खातरजमा करण्यासाठी एका अनुभवी व्यक्तीची गरज राहील." एवढ्या एका वाक्यावर जागा टिकली असती. समितीत कोणी हरकत घेतली नसती, कोण वाचतंय इतकं? मसुदा अण्णांकडं दिला. परत आला तेव्हा त्या वाक्यावर पेन्सिलीनं सरळ रेघ होती.

मी कागद घेऊन त्यांच्या टेबलाशी गेले. "हे का खोडलंत?"

"खरं हाय का ते?"

"थोडं आहे की. मशीन काय, उद्या काहीही कळवेल. माणूस नको का बघायला?"

"म्हैन्यातनं एकदा बघितलं तर पुरे. ते तुम्ही बघशीला. रोज कशाला?"

"अण्णा, तुम्ही खुळे आहात काय? घरी कोण कोण आहे जरा आठवा. मार्च जवळ आलाय."

"ते मला ठावं हाय." त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. मग खाली आला. "म्याडम, थोडं खरं रिपोर्टात घालत न्हाईत. उद्या कुणी तुम्हाला इच्यारलं, तर तुम्हाला तोंड खाली घालाय लागंल. माझं काय, मी जाणार निघून."

मला इतका संताप आला, की मी कागद तिथंच टाकून कँटीनमध्ये जाऊन बसले. भजी गार होती, ती खाल्ली. नंतर येऊन वाक्य काढलं.

अहवालावर सही फक्त माझी. कंत्राटी माणसाला सहीचा रकाना नसतो. समितीच्या बैठकीत अण्णा बाहेर बाकावर बसून राहिले, काही कागद लागले तर आत द्यायला. साहेब तक्ता बघत होते. त्या शेवटच्या रकान्यावर त्यांचं बोट थांबलं. "हे नोंदीचं वय, हे फार छान काढलंय. कोणाची कल्पना?"

दार उघडंच होतं. अण्णांची पाठ मला दिसत होती.

मी म्हणाले, "आम्ही दोघांनी मिळून केलं, सर."

का म्हणाले? सगळ्यांसमोर एका कंत्राटी माणसाचं नाव घ्यायला जीभ रेटली नाही की काय, मला आजही सांगता येत नाही. साहेब "व्हेरी गुड" म्हणाले आणि पुढच्या विषयाकडं वळले. अण्णांच्या पाठीत काही फरक पडला नाही. परत येताना जिन्यात त्यांनीच विचारलं, "झालं न्हवं बराबर?" मी मान हलवली. पुढं दोन दिवसांनी साहेबांना एकटं गाठून सगळं सांगितलं, अण्णांना दुसऱ्या कुठल्या कामावर घेता येईल का, तेही विचारलं. साहेबांना खरंच वाईट वाटलं. म्हणाले, "बघतो." मग आठवड्यानं म्हणाले, "नियमात बसत नाही हो."

कंत्राटी माणसाला निरोपसमारंभही नसतो. आम्हीच विभागात चहा आणि भडंग मागवली. शिपाईमामांनी गुलाबाचं फूल आणलं होतं, ते देताना त्यांना बोलता येईना, तर अण्णाच त्यांच्या पाठीवर हात फिरवत बसले. दर वर्षीसारखा एक दिवसाचा खंड आणि मग पुन्हा येणं, हे या वेळी नव्हतं. मी म्हटलं, "अण्णा, येत जा." "येतो की," म्हणाले. दोघांनाही माहीत होतं, की येणार नाहीत. आता ते राजारामपुरीतच कुठल्याशा क्लासमध्ये मुलांच्या हजेरीचं बघतात, असं मामा सांगत होते. खरं-खोटं मी जाऊन बघितलेलं नाही. चार गल्ल्यांचं अंतर आहे, पण माझे पाय तिकडं वळत नाहीत.

जावई उत्तम चालतो. सांगायलाच हवं, उत्तम चालतो. भूगोलाच्या सरांचं गणित वेळेत पुरं होतं. मी दमून जाते ते कामानं नाही, कामच फारसं उरलेलं नाही. सकाळी दहाला विभागात कोणी बोलत नाही.

माणूस नोकरीतून गेला, की त्याचं सिस्टिममधलं खातं आठ दिवसांच्या आत बंद करायचं, हा आमच्याकडं नियम आहे. ते काम माझं. सात दिवस मी ते पुढं ढकललं. त्यांच्या नावावर काही कामं अडकली असतील, काही फाइली असतील, म्हणून थांबतेय, असं स्वतःलाच सांगत राहिले. खरं तर बटण दाबायला हात होत नव्हता. त्यांनी मला हे सगळं शिकवलं होतं, खातं काढायचं कसं हेसुद्धा. आठव्या दिवशी जेवण झाल्यावर म्हटलं, आता बसलंच पाहिजे. यादी उघडली. त्यांचं नाव शोधलं.

नव्हतं. आधी वाटलं, आपलंच काही चुकलं. वरून खाली एकेक नाव वाचत गेले. नव्हतं. मग जुन्या नोंदींत बघितलं तेव्हा कळलं. शेवटच्या दिवशी, आम्ही भडंग खाऊन आपापल्या टेबलांवर गेलो, त्यानंतर त्यांनी स्वतःच ते काढलं होतं. त्याआधी आपल्या नावावरचं सगळं, एकूण एक फाइल, माझ्या नावावर करून ठेवली होती. मला ते करावं लागू नये, एवढ्यासाठी. बैठकीत मी त्यांचं नाव घेतलं नव्हतं, ते त्या उघड्या दारातून त्यांनी ऐकलं होतं. आणि तरी जाताना विचार केला तो माझा.

मला रडू आलं नाही, राग आला. "अण्णा, एवढं तरी माझ्यावर सोडायचं होतं," मी त्यांच्या खुर्चीकडं बघून म्हणाले. चांगलं मोठ्यानं म्हणाले असणार, कारण शिपाईमामा दारातून आत डोकावले.

"काय झालं ओ म्याडम?"

"काही नाही," मी म्हणाले, आणि यादी बंद केली.